प्रकाशग्राही प्रथिने : एका संकल्पनेची वाटचाल

१९३२ मध्ये रॉबर्ट इमर्सन व विल्यम अर्नोल्ड या अमेरिकी संशोधकांनी क्लोरेला या हरित शैवालावर क्षणमात्र टिकणारे प्रखर प्रकाशझोत टाकले. प्रत्येक हरितद्रव्य-रेणू स्वतंत्रपणे प्रकाशसंश्लेषण करतो, असे तोवर सामान्यतः गृहीत धरले जात असे. प्रत्यक्षात एका झोतागणिक सुमारे २,५०० रेणूंमागे ऑक्सिजनचा एकच रेणू बाहेर पडला. मग उरलेल्या रेणूंचे प्रयोजन काय? ते प्रकाश टिपून ऊर्जा एका केंद्राकडे पोहोचवितात, असे उत्तर १९३६ मध्ये गॅफ्रॉन व वोल यांनी सुचविले. प्रयोगकर्त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत येतात. हा अर्थ लावणाऱ्यांची क्वचितच येतात, हे अन्यायकारकच म्हणावे लागेल.

हे रेणू प्रथिनांत गुंफलेले असतात. वाटाण्यातील अशा प्रथिनाची आण्विक रचना क्यूलब्रांट, वांग व फुजियोशी यांनी १९९४ मध्ये उलगडली. तथापि, कडक उन्हात गरजेहून अधिक टिपलेली ऊर्जा पानालाच घातक ठरते. ती उष्णतारूपाने त्वरित सोडून देण्यासाठी पीएसबीएस हे प्रथिन आवश्यक असल्याचे २००० मध्ये अरॅबिडॉप्सिसच्या उत्परिवर्तित रोपांवरून सिद्ध झाले. विशेष म्हणजे, हे रक्षक प्रथिनही प्रकाशग्राही प्रथिनांच्याच कुळातील आहे.