बोलण्याचा उपचार

स्त्रीच्या मनोव्यथेला वैद्यकाने दीर्घकाळ ‘हिस्टेरिया’ म्हटले. या शब्दाचे मूळ ग्रीक, अर्थ गर्भाशय. दोष देहाचा ठरला, की तिचे ऐकायचे कोणी? १८८० साली व्हिएन्नात आजारी पित्याची शुश्रूषा करता करता एकवीस वर्षांची बेर्था पापेनहाइम स्वतःच खचली. डॉक्टर योझेफ ब्रॉयर तिच्यापाशी बसून ऐकू लागले. या पद्धतीला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव दिले ते डॉक्टरांनी नव्हे, बेर्थानेच! १८९५ साली ब्रॉयर-फ्रॉइडांच्या ग्रंथात ती ‘अ‍ॅना ओ.’ झाली, मात्र १८८२ मध्ये उपचार थांबल्यावर तिला आरोग्यधामात राहावे लागले, हे तिथे नाही. पुढे १९०४ साली तिनेच जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. आमच्या घरातली लेक वा सून ‘कशात जीव लागत नाही’ म्हणाली, तर आम्ही आधी ऐकावे, मग जाणता वैद्य गाठावा. आणि चार बैठकींत गुण आला नाही म्हणून तिला दोष देऊ नये.