मामंजींच्या गोट्या



माळा आवरताना मामंजींचा बिस्किटांचा जुना डबा सापडला. आत काचेच्या गोट्या, मोजून ४१. जाऊबाईंच्या मुलाने लगेच फोटो काढले आणि विक्रीची जाहिरातही लिहिली : ‘शंभर वर्षांपूर्वीच्या, हाताने घडवलेल्या जर्मन गोट्या.’ त्याच्या कॉलेजची फी तोंडावर आली होती. त्याची घाई कळत होती, तरी म्हटलं, "थांब रे, आधी बघू तरी."

मग वाचत गेले. गोटीवर कारखान्याचं नाव सहसा नसतंच. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीचं चिन्ह होतं गोट्या घेऊन उडणारा कावळा, पण तो खोक्यावर. खोका गेला की ओळख गेली. उरते ती घडताना काचेवर राहिलेली खूण. म्हणून तांदूळ निवडतो तशी एकेक गोटी उजेडात फिरवून बघायची.

जर्मनीत थुरिंगिया भागात लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे. तिथे १८४० च्या दशकात गोट्या कापायची खास कात्री निघाली. तिच्या एका टोकाला छोटी वाटी असे. रंगीत काचेच्या काड्या पारदर्शक काचेत गुंडाळून, तापवून, पीळ देत लांब कांडी ओढायची. मग तिचं टोक वाटीत गोल करून कापायचं. जिथे कापलं तिथे खरबरीत डाग राहतो. अशा गोटीला बहुधा समोरासमोर दोन डाग असतात आणि आतले रंगीत धागे एका डागापासून दुसऱ्यापर्यंत जातात.

मशीनच्या गोटीला हा डाग नसतो. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या मार्टिन क्रिस्टेन्सन यांनी गोट्यांच्या मशीनचं पेटंट १९०५ मध्ये मिळवलं. वितळलेल्या काचेचा गोळा खाचांच्या फिरत्या चाकांवर गोल होई. मात्र सुरुवातीला काच माणूसच सळईवरून सोडून कापत असे. त्यामुळे त्यांच्या काही गोट्यांवर एका बाजूला रंगाचा ९ च्या आकड्यासारखा वळसा आणि दुसऱ्या बाजूला कापल्याची शेपटी दिसते. अ‍ॅक्रो अ‍ॅगेट १९११ मध्ये अ‍ॅक्रनलाच सुरू झाली, १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडली. तिच्या काही गोट्यांवर रंगाची पट्टी स्क्रूच्या आट्यांसारखी फिरते. पहिल्या महायुद्धात जर्मन माल अमेरिकेत येईना, तेव्हा या मशीनवाल्यांचं चांगलंच फावलं.

आता आपल्या ओळखीच्या गोट्या. स्वच्छ काचेत रंगीत पाकळ्या असलेली, मांजरीच्या डोळ्यासारखी गोटी दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून जगभर गेली. म्हणजे ती शंभर वर्षांची असूच शकत नाही. आणि साधी, हिरवट, बिनरंगाची गोटी बहुतेक गोटी सोड्याच्या बाटलीतली. त्या बाटलीचं पेटंट इंग्लंडच्या हिरम कॉड यांनी १८७२ मध्ये घेतलं होतं.

एक सावधगिरी मात्र हवी. आजही हाताने गोट्या घडवणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या गोट्यांनाही डाग असतो. डाग हात सांगतो, वय सांगत नाही. काचेतल्या बुडबुड्यांवरूनही वय ठरत नाही.

आमचा डबा निवडला. ३८ मांजरडोळ्या, ३ सोड्याच्या. डाग एकीलाही नाही.

"काकू, एवढं कोण बघतंय?" तो म्हणाला.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत मापात कमीजास्त करणं आहे, आणि प्रतिरूपक व्यवहारही आहे, म्हणजे हलकं किंवा नकली ते अस्सल म्हणून खपवणं. स्वाध्यायात किती वेळा ऐकलं असेल! मला वाटायचं, हे दुकानदारांसाठी. ते असं फोनमधून घरात येईल असं वाटलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं दुकान केलं त्यांनी, तराजूला कधी बोट लावलं नाही. त्यांच्याच गोट्या खोटं सांगून विकतोस होय रे?"

त्याने जाहिरात बदलली : ‘मशीनच्या, वापरलेल्या, आजोबांच्या.’ अजून कोणी विचारलेलं नाही. फीची तजवीज आम्ही दोघी जावांनी भिशीतून केली. डबा खाली कपाटात ठेवलाय. संध्याकाळी धाकटी त्यातल्या चार घेऊन अंगणात जाते.