लोहगाव विमानतळ आणि लढाऊ विमानांच्या इनटेकचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :
पुणे शहराच्या ईशान्येस असलेला लोहगावचा विमानतळ ब्रिटिश राजवटीत 1939 साली मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारण्यात आला. स्वातंत्र्योत्तर काळात तो भारतीय हवाई दलाचा एक प्रमुख तळ बनला. येथे दाखल झालेल्या विमानांच्या आधारे, इंजिनास हवा पुरविणाऱ्या मार्गात म्हणजेच इनटेकमध्ये कोणते बदल होत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रश्नाचे स्वरूप :
जेट इंजिनच्या कॉम्प्रेसरला ध्वनीपेक्षा कमी वेगाची आणि समान दाबाची हवा लागते. स्वनातीत उड्डाणात येणारी हवा इनटेकमध्येच मंद करावी लागते. उड्डाणाच्या प्रारंभी परिस्थिती नेमकी उलट असते. विमानाचा वेग अल्प आणि इंजिनाची हवेची गरज मोठी असते. त्यातच जमिनीलगतच्या इनटेकखाली हवेचा भोवरा निर्माण होऊन धावपट्टीवरील खडे आत ओढले जातात. एवढासा खडाही कॉम्प्रेसरची पाती निकामी करू शकतो. म्हणून पुरेशी हवा आणि निर्धोक हवा या दोन्ही गरजा एकाच वेळी भागविणे हा अभियंत्यांपुढील मूलभूत पेच होता.

लोहगाव येथील दोन टप्पे :
1987 साली मिग-29 विमाने हवाई दलात दाखल झाली आणि त्यांच्या स्क्वाड्रन लोहगाव येथे ठेवण्यात आल्या. या विमानाचे मुख्य इनटेक जमिनीवर असताना झडपेने बंद होतात व पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूस असलेल्या फटींतून हवा घेतली जाते. वेग वाढताच मुख्य मार्ग खुला होतो. स्वनातीत वेगात इनटेकमधील हलत्या उतारपट्ट्या आघात तरंग निर्माण करून हवा मंद करतात. मात्र वरच्या फटींच्या रचनेने इंधनासाठी उपयोगी पडणारी जागा अडविली.

1997 साली लोहगाव येथे सुखोई-30 आणि 2002 साली सुखोई-30 एमकेआय दाखल झाले. यात निराळा मार्ग अवलंबिलेला दिसतो. मुख्य इनटेक उघडाच राहतो, आतील धातूची जाळी खडे अडविते आणि उड्डाणानंतर दुमडली जाते. खालच्या बाजूच्या फटी अधिक हवा पुरवितात. हीच दिशा मिग-29 नेही पुढे स्वीकारली. 2010 साली गोव्याच्या हंसा तळावर नौदलात दाखल झालेल्या मिग-29के मध्ये वरच्या फटी काढून जाळी बसविली गेली व मोकळ्या झालेल्या जागेत इंधन सामावले.

निष्कर्ष :
या विकासक्रमावरून असे दिसते की, इनटेकची रचना केवळ वेगाच्या गणिताने ठरली नाही. धावपट्टीच्या स्थितीनेही ती घडविली. तथापि जाळी दुमडल्यानंतर पक्ष्यांपासून संरक्षण उरत नाही. विमानतळाभोवती वस्ती वाढली की उघड्यावरील कचरा पक्ष्यांना आकर्षित करतो. त्यामुळे वैमानिकाच्या सुरक्षिततेचा उरलेला भाग यंत्राबाहेर, धावपट्टीच्या आणि परिसराच्या स्वच्छतेत आहे.