तळटीप : ‘भरताला नेलं’

१. भरताला नेणं : लग्न ठरलेल्या मित्राला घेऊन दोस्तांनी शेतात केलेली भरीत-पार्टी. केळवण घरच्या वडीलधाऱ्यांचं, ही मात्र पोरांची. लग्नाआधी मित्रांसह प्रागसारख्या जुन्या शहरात दोन दिवस घालवायची युरोपातली चाल वाचकाला ठाऊक असेल. खानदेशातला तिचा जवळचा भाऊबंद हाच. मोठी, हिरवी वांगी कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात. साल काळी पडून फुटली, देठाशी रस सुटला की वांगं झालं. मग सोलून, भाजलेल्या हिरव्या मिरच्या नि लसणासोबत लाकडी भांड्यात ठेचायचं. वर कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच आहे.

दुसऱ्या दिवशी ही मंडळी बऱ्हाणपूरला जातात. शहर आज मध्य प्रदेशात असलं तरी ते परकं मानू नये: फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ती राजधानी. मुमताज महल १६३१ मध्ये तिथेच वारली. लेखकाने पुढे उल्लेखलेली मावा जिलेबीही तिथलीच. खव्याची, जाड आणि गडद तपकिरी.