घरातील बुरशी : शोध आणि निर्मूलन

दख्खनच्या पठारावर वसलेले हैदराबाद गोव्याच्या तुलनेत कोरडे शहर. तेथील घरांना बुरशी धरते असे म्हटले, तर मृगापासून चतुर्थीपर्यंत चामड्याच्या चपला आणि कपाटातील कपडे सांभाळण्यात दमणाऱ्या गोमंतकीयाला नवल वाटेल. परंतु सबंध शहर दमट असण्याची बुरशीला गरज नसते. एका भिंतीत मुरलेले पाणीही तिला पुरते.

१३ आणि १४ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत अतिवृष्टी झाली. तलाव आणि नाले भरून वाहिले, सखल वस्त्यांतील घरांत पाणी शिरले आणि काही ठिकाणी ते अनेक दिवस ओसरले नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे उभी राहिली. पण वस्तीतल्या तलावांचे पाणी ती कशी अडवणार? पाणी ओसरले म्हणजे संकट टळले, असे घरमालकास वाटते. प्रत्यक्षात ओलावलेल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते आणि विटांची भिंत पुरती सुकण्यास महिने लागतात. शिवाय पाणी केशाकर्षणाने गिलाव्यात वर चढते. म्हणून पुराच्या खुणेच्या वरही डाग उमटतात.

पुढच्याच वर्षी एका शब्दाने घोळ घातला. मे २०२१ मध्ये तेलंगणाने म्युकरमायकोसिस हा अधिसूचित रोग ठरवला आणि हैदराबादेतील कोठी येथील शासकीय कान-नाक-घसा रुग्णालय उपचारांचे मुख्य केंद्र झाले. वृत्तपत्रांनी (आम्हीही त्यांत आलो) या रोगास ‘काळी बुरशी’ म्हटले. तेथला काळेपणा रुग्णाच्या मृत झालेल्या ऊतींचा असतो. न्हाणीघराच्या छतावरील काळे ठिपके बहुधा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस अशा निराळ्या बुरशींचे असतात. ते निरुपद्रवी मात्र नव्हेत. दम्याच्या रुग्णांस आणि लहान मुलांस त्यांच्या बीजाणूंमुळे खोकला, शिंका, धाप यांचा त्रास होतो; प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांस फुप्फुसाचा गंभीर संसर्गही होऊ शकतो.

शोधाचा आरंभ नाकापासून करावा. बंद खोली उघडताच कुबट वास आला आणि डाग मात्र दिसला नाही, तर कपाटाची मागची बाजू, गादीखालची फळी, सिंकखालचा कप्पा, खोट्या छताचा वरचा भाग आणि न्हाणीघराला लागून असलेली शयनगृहाची भिंत पाहावी. हैदराबादेत आणखी एक जागा विसरू नये, ती म्हणजे खिडकीतला कूलर. उन्हाळ्यात त्याची ओली हवा खेळती न राहता खोलीत कोंडली, तर पाऊस नसतानाही भिंतीवर ठिपके उमटतात.

भिंतीवरील प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. पांढरी, खरखरीत पूड दिसली आणि ती पाण्यात विरघळली, तर तो भिंतीतून बाहेर आलेला क्षार, म्हणजे लोणा होय. काळ्या डागावर पातळ केलेल्या ब्लीचचा थेंब टाकावा. मिनिट-दोन मिनिटांत रंग फिका पडला तर बुरशी असण्याचा संभव अधिक, तसाच राहिला तर बहुधा मळ. ओल कोठून येते हे कळण्यासाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस पाणी साचले तर ओल भिंतीतली. खोलीकडील बाजूस साचले तर दोष खोलीतल्या दमट हवेचा.

हा निर्णय झाल्याखेरीज पुसापुशी करण्यात अर्थ नाही. गळका नळ, वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची गळती, गच्चीतील भेग यांची दुरुस्ती प्रथम. सदनिकांत येथेच घोडे अडते, कारण डाग खालच्याच्या घरात आणि नळ वरच्याचा! तोंडी तक्रारीत वेळ न घालवता छायाचित्रांसह सोसायटीस लेखी कळवावे.

डाग तीन फूट लांब-रुंद जागेहून मोठा नसेल, तर घरच्या घरी साफ करता येतो. एन-९५ मुखपट्टी, रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, पंखा बंद ठेवावा, खिडकी उघडावी. कोरड्या कुंच्याने कदापि खरवडू नये. बीजाणू घरभर उडतात. फरशी, काच, धातू साबणाच्या पाण्याने घासून लगेच कोरडे करावे. ब्लीच वापरलेच तर संडास साफ करण्याच्या आम्लात ते मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, म्हणून ती पुसून काढणेच इष्ट. कापसाची गादी, फुगलेले प्लायवूड, खोट्या छताचे भिजलेले तक्ते टाकून द्यावेत. जीव तुटतो खरा, पण आतपर्यंत शिरलेली बुरशी धुऊन निघत नाही. पोपडे आलेला गिलावा विटेपर्यंत काढावा लागतो.

रंगाची घाई हा सर्वांत महाग पडणारा प्रमाद. ओल्या भिंतीवर प्लास्टिक रंग दिला की पाणी आत कोंडते आणि काही महिन्यांत रंगाला फोड येतात. जुन्या घरांतील चुन्याच्या भिंतींतून ओल बाहेर पडत असे, शिवाय ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे बुरशी सहसा धरत नसे. वर सांगितलेली प्लास्टिकची कसोटी पुन्हा करून पाहावी आणि तुकडा भिंतीच्या बाजूने कोरडा निघाल्यावरच रंगाऱ्यास बोलवावे.