हमीचें व्याज आणि आगगाडी

शाळेंत इतिहास शिकवितांना १६ एप्रिल १८५३ हा दिवस आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असूं. त्या दिवशीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली आगगाडी गेली. परंतु तिच्याखालचे रूळ कोणाच्या पैशानें पडले, हें एकाही मुलानें विचारलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर बरींच वर्षें मींही स्वतःस विचारलें नव्हतें.

रूळ घातले ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीनें. तिचें भांडवल बहुतेक विलायतेंतलें. अपरिचित देशांत पैसा गुंतविण्यास भागीदार कचरत होते, म्हणून १८४९ च्या करारानें ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांस शेंकडा पांच व्याजाची हमी दिली. जमीनही फुकट दिली. उत्पन्न कमी पडलें तर तूट सरकारी तिजोरींतून, म्हणजे पर्यायानें येथल्या रयतेच्या शेतसाऱ्यांतून, भरून निघे. आतां ज्या व्यापाऱ्यास तोट्याची भीतीच नाहीं, तो काटकसर कशाला करील? खर्च वाढतच गेला. अखेर १८६९ च्या सुमारास नवे मार्ग सरकारनें स्वतः बांधावे असें ठरलें.

या व्यवस्थेनें कांहींच साधलें नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. १८६३ मध्यें बोरघाट खुला झाला, तो हजारों मजुरांनीं कातळांतून बोगदे खोदल्यामुळें. मात्र एंजिन, रूळ आणि मुख्य एंजिनिअर सारे विलायतेहून येत. ती विद्या येथें रुजावी, याची निकड भागीदारांस नव्हती आणि सरकारासही नव्हती.

जपानांतही पहिला मार्ग, तोक्यो ते योकोहामा, १८७२ मध्यें लंडनचें कर्ज काढून आणि इंग्रज एंजिनिअरांच्या देखरेखीखालींच झाला. एंजिनेंही इंग्रजीच. पण काम काढणारें सरकार तेथलें स्वतःचें होतें. रेल्वेचे प्रमुख इनोउए मासारू लंडनास शिकून आलेले. त्यांनीं १८७७ मध्यें ओसाका येथें तरुणांसाठीं शिक्षणवर्ग काढला, आणि १८८० मध्यें क्योतोजवळचा ओसाकायामा बोगदा जपानी एंजिनिअरांनींच पुरा केला. अवघीं तीन वर्षें! १८९३ मध्यें कोबे येथें एंजिनही घडलें, तें मात्र इंग्रज अधिकाऱ्याच्या मार्गदर्शनाखालीं.

आपल्याकडे कसबी हात नव्हते काय? होते. अजमेरच्या रेल्वे कारखान्यांत १८९५ मध्यें, म्हणजे कोबेनंतर दोनच वर्षांनीं, एंजिन तयार झालें. तरीही पुढें अर्धें शतक मोठी खरेदी विलायतेंतूनच होत राहिली. चित्तरंजनच्या कारखान्यांतून पहिलें एंजिन बाहेर पडलें तें १९५० मध्यें.