कलासंग्रहालयाची हवा : लंडनमधील एक प्रकरण

कलासंग्रहालये आणि हवामान यांचा संबंध पर्यावरणविषयक प्रदर्शनांच्या निमित्ताने अगदी अलीकडे जडला, असा एक समज रूढ होऊ पाहत आहे. तो तितकासा खरा नाही. संग्रहालयाच्या भिंतींआड हवेचा विचार दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. मात्र हा विचार दीर्घकाळ केवळ आतील हवेचा होता; बाहेरची हवा चित्रांना अपाय करणारी म्हणून तेवढी ठाऊक होती. संग्रहालयच बाहेरच्या हवेला काही अपाय करीत असेल काय, हा प्रश्न पुढे येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. आणि तोही संग्रहालयांनी आपण होऊन फारसा उपस्थित केला नाही. लंडनमधील दोन-तीन संस्थांच्या इतिहासावरून हे स्थित्यंतर पुरेसे स्पष्ट होते.

इ. स. १८५० मध्ये नॅशनल गॅलरीतील चित्रांच्या रक्षणाविषयी चार्ल्स ईस्टलेक, मायकेल फॅरडे आणि विल्यम रसेल यांनी एक अहवाल सादर केला. ही चित्रशाळा ट्रॅफल्गार चौकात, म्हणजे शहराच्या ऐन मध्यवस्तीत होती. कोळशाच्या धुराने भरलेली हवा आणि प्रेक्षकांची दाटी यांमुळे चित्रे काळवंडत होती. त्यावर विचारात घेतलेला उपाय म्हणजे चित्रांवर काच चढविणे. फॅरडेसारख्या पहिल्या प्रतीच्या शास्त्रज्ञाने या कामी लक्ष घालावे, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळून येते. पण धुराडी ही गृहीत धरलेली गोष्ट होती आणि चित्र तेवढे वाचवावयाचे होते.

या विचाराला शास्त्राचे रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात, तेही काहीसे योगायोगाने. बाँबहल्ल्यांच्या भीतीने गॅलरीतील चित्रे लंडनबाहेर हलविण्यात आली आणि १९४१ पासून ती वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवण्यात आली. खाणीच्या पोटात उभारलेल्या खोल्यांमध्ये तापमान सुमारे १७ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे ४२ टक्के अशी जवळजवळ अढळ राखली गेली. जी चित्रे लंडनमध्ये सतत डागडुजी मागत होती, त्यांच्या रंगाचे पापुद्रे सुटणे येथे जवळजवळ थांबले. युद्धानंतर ती परत येताच जुनी दुखणी पुन्हा उद्भवली. चित्रांना विशिष्ट तापमानापेक्षा स्थिर हवा मानवते, हा धडा यातून मिळाला आणि चित्रदालनांत वातानुकूलनाची यंत्रे आली. पुढे १९७८ मध्ये त्याच संस्थेतील शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांनी संग्रहालयातील परिस्थितीवर जो ग्रंथ लिहिला, तो या विषयात प्रमाण ठरला. आर्द्रता ५० किंवा ५५ टक्के असावी आणि तीत पाचाहून अधिक चढउतार होऊ नये, हे त्यांनी दिलेले प्रमाण जगभर पाठ झाले. हे आकडे चित्राला काय सोसते यापेक्षा यंत्राला काय साधते यावर अधिक आधारलेले आहेत, याची कबुली थॉमसन यांनीच दिली होती. ती मात्र फारशी कोणी पाठ केली नाही! मुंबईसारख्या शहरात, जेथे पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेथे असले प्रमाण पाळणे म्हणजे रात्रंदिवस यंत्रे चालविणे होय. ही यंत्रे चालविणारी वीज कोठून येते, हा प्रश्न अभिरक्षकाच्या कक्षेत येतो असे तेव्हा कोणास वाटत नव्हते.

ज्या वास्तूत हा प्रश्न पुढे उघडपणे विचारला गेला, ती एके काळी वीज निर्माण करणारीच वास्तू असावी, हा इतिहासाचा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. थेम्स नदीकाठचे बँकसाइड वीजकेंद्र जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी रेखिले. ते खनिज तेलावर चाले. तेल महागल्यामुळे ते १९८१ मध्ये बंद पडले आणि मे २००० मध्ये त्याच इमारतीत टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचे संग्रहालय सुरू झाले. जनित्रांचे जुने दालन, सुमारे ३५ मीटर उंच आणि १५० मीटरांहून अधिक लांब, मोठ्या कलाकृतींसाठी मोकळे ठेवण्यात आले. तेथे ऑक्टोबर २००३ मध्ये ओलाफुर एलियासन या डॅनिश-आइसलँडिक कलावंताने ‘द वेदर प्रोजेक्ट’ ही रचना मांडली. एकाच पिवळ्या वर्णाचा प्रकाश देणाऱ्या सुमारे २०० दिव्यांचे अर्धवर्तुळ, छताला आरसे आणि हवेत कृत्रिम धुके, एवढीच सामग्री. आरशामुळे अर्धवर्तुळाचा पूर्ण सूर्य होई. मार्च २००४ पर्यंत वीस लाखांहून अधिक लोक आले. पुष्कळजण जमिनीवर उताणे पडून छतात आपली प्रतिबिंबे शोधीत.

या रचनेच्या नावातील शब्द बारकाईने पाहण्याजोगा आहे. तो रोजच्या हवेचा वाचक आहे, दीर्घकालीन हवामानाचा नव्हे. मराठी भूगोलग्रंथांत ‘हवा’ आणि ‘हवामान’ असा भेद केला जातो. बोलीत मात्र ‘हवामान’ दोन्ही अर्थांनी चालते, आणि रोजचा अंदाज सांगणाऱ्या खात्यालाही हवामान खातेच म्हणतात. इंग्रजीत हे दोन अर्थ दोन स्वतंत्र शब्दांत विभागले असल्याने कलावंताची निवड तेथे उघड दिसते. हवा हा अनोळखी माणसांतील संभाषणाचा विषय. तिच्याविषयी एलियासन यांनी टेटच्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावलीही भरून घेतली होती. तेव्हा या सूर्याला हवामानबदलाचे पहिले प्रदर्शन ठरविणे म्हणजे नंतरचा अर्थ आधीच्या कृतीवर लादणे होय.

खरी कलाटणी मिळाली ती २०१० मध्ये, आणि तिच्यामागे कोणाचीही प्रदर्शनयोजना नव्हती. त्या वर्षीच्या जानेवारीत कला आणि सविनय अवज्ञा या विषयावर टेटने स्वतःच एक कार्यशाळा भरविली होती. संस्थेच्या आश्रयदात्यांविरुद्ध मात्र काही करू नये, असे तेथे सांगण्यात आले. आश्रयदात्यांत बीपी ही तेलकंपनी होती. मनाई झाली म्हणूनच त्या विषयाकडे लक्ष गेले आणि कार्यशाळेतून ‘लिबरेट टेट’ हा गट जन्मास आला. एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या विहिरीवरील ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या मंचावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्यू पावले आणि समुद्रात तेल पसरले. जूनमध्ये टेटने बीपीच्या वीस वर्षांच्या आश्रयाचा समारंभ केला, तेव्हा या गटाने दाराशी तेलासारखी दिसणारी काकवी ओतली. जुलै २०१२ मध्ये शंभरावर माणसांनी १६·५ मीटर लांबीचे पवनचक्कीचे पाते खांद्यावरून आणून जनित्रांच्या दालनात ठेविले आणि संग्रहालयविषयक कायद्याचा आधार घेऊन ते राष्ट्राला भेट म्हणून देऊ केले. टेटने ती भेट नाकारली. तेलावर चालणाऱ्या जुन्या वीजकेंद्रात वाऱ्यावर वीज करणारे पाते आणून ठेवणे, हे एलियासन यांच्या सूर्याइतके नेत्रदीपक नसेल. परंतु संस्थेच्या इतिहासाशी त्याचा संबंध त्या सूर्याहून कितीतरी निकटचा होता.

बीपीकडून किती पैसा येतो हे टेट सांगत नव्हती. माहितीविषयक कायद्याखाली वाद न्यायाधिकरणापर्यंत गेल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आकडे बाहेर आले : १९९० ते २००६ या काळात वर्षाला दीड लाख ते ३ लाख ३० हजार पौंड. टेटच्या उलाढालीच्या मानाने ही रक्कम आश्चर्य वाटावे इतकी लहान होती. २०१६ च्या मार्चमध्ये हा आश्रय पुढील वर्षी संपणार असल्याचे जाहीर झाले. कंपनीने व्यवसायातील अडचणींचे कारण दिले. निदर्शनांचे नाव तीत नव्हते. ते कारण कितपत पुरेसे मानावे, याविषयी मतभेद संभवतात.

त्यानंतरच्या कार्यक्रमांचा सूर बदललेला दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये एलियासन आणि भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांनी ग्रीनलंडमधील खाडीतून आणलेले बर्फाचे २४ खंड टेट मॉडर्नपुढे मांडले. आणखी ६ शहरात अन्यत्र होते. लोक त्यांना हात लावीत, कान लावून आतील हवा सुटण्याचा आवाज ऐकत. हे खंड आणण्याच्या खटाटोपात जेवढा कर्बवायू सोडला गेला त्याचा हिशेब प्रसिद्ध करण्यात आला : सुमारे ५५ टन. २००३ मध्ये कृत्रिम सूर्याच्या विजेचा असा हिशेब मागण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. जुलै २०१९ मध्ये टेटने हवामान-आणीबाणी जाहीर करून २०२३ पर्यंत आपले कर्ब-उत्सर्जन निदान १० टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले. दरम्यान मोठ्या संग्रहालयांच्या प्रमुखांच्या बिझो गटाने बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान अशी सैल मर्यादा पुरस्कारिली होती. मॅनॉडच्या खाणीपासून चालत आलेला अढळ हवेचा आग्रह अशा रीतीने शिथिल झाला. संग्रहालयाच्या दृष्टीने ही गोष्ट बर्फाच्या खंडांपेक्षा कमी लक्षवेधी, परंतु अधिक परिणामकारक म्हटली पाहिजे.

हे स्थित्यंतर सर्वत्र सारख्या गतीने झाले असे मात्र नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच शहरातील ब्रिटिश म्यूझियमने बीपीकडून दहा वर्षांत ५ कोटी पौंड स्वीकारण्याचा करार जाहीर केला. हा पैसा संग्रहालयाच्या वास्तूच्या पुनर्रचनेसाठी आहे, आणि इमारतींतील खनिज इंधनाचा वापर बंद करणे हे त्या पुनर्रचनेचे एक घोषित उद्दिष्ट आहे.